रविवारी पृथ्वी श्वास घेत नाही

हे तुम्हाला पटणार नाही. पटलंच तर आधी स्वतःची नाडी तपासून घ्या. एका मोठ्या शास्त्रज्ञाला मी अकरा वर्षं खुर्चीत बसू दिलं नाही. हात न लावता, आवाज न चढवता.

"झालं सुरू," इस्त्री करता करता वहिनी म्हणाली. दादाची दोन्ही पोरं मात्र सरसावून बसली, म्हणून मी पुढे निघालो.

प्रयोगशाळेच्या तळघरातली तराजूखोली तेव्हा माझ्याकडे होती. तराजू असा नाजूक, की तुम्ही शेजारी उभं राहून खोटं बोललात तरी काटा हलावा. नऊ वर्षं मी रोज नोंदी घेतल्या, आणि मला दिसलं, की सकाळी अकरा सतराला काटा केसभर वर सरकतो. रोज! मी ते आमच्या प्रमुखांना दाखवलं. त्यांना पाठीमागे सगळे भोपळा म्हणायचे. कारण लांबूनही दिसायचं. भोपळ्याने त्यावर निबंध लिहिला, 'पृथ्वीचा श्वास' असं त्याचं बारसं केलं आणि देशोदेशी मिरवला. निबंधावर नाव एकट्याचं. मी विचारायला गेलो तर म्हणतो कसा, "अहो, काटा तुम्ही पाहिलात, पण श्वास मी ओळखला ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या निबंधावर माझं नाव चढेल, नाहीतर त्याचं उतरेल. मधला रस्ता नाही.

मग एके दिवशी वर खुर्ची करकरली आणि खाली काटा हलला. अकरा सतरा! भोपळ्याची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. सगळ्या इमारतीत फेरी मारून तो त्याच वेळी बूड टेकायचा. नऊ वर्षं आम्ही पृथ्वीचा म्हणून त्याचा भार मोजत होतो!

"मग सांगून टाकायचं ना, काका!" थोरला म्हणाला.

"वेडा आहेस. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, जळतो मेला. ते एखाद्या निरागस तोंडून यायला हवं होतं."

तर आमच्याकडे दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं आठ आठवडे शिकायला यायची. आम्ही त्यांच्यासाठी एकेका पानाचा अर्ज भरून प्रकल्प सुचवायचो. भोपळा नुसता मथळा वाचून सही ठोकायचा. म्हणून मी मथळा असा दिला, की वाचणाऱ्याचा डोळा लागावा: 'सुट्टीच्या दिवसांतील नोंदींचा प्राथमिक अभ्यास.' ठोकली सही! रविवारी प्रयोगशाळा बंद, त्यामुळे रविवारचा काटा आजवर कुणी पाहिलाच नव्हता.

"हे कुठल्या साली हो, भावजी?" वहिनीने इस्त्री न थांबवता विचारलं.

"सालाचं काय घेऊन बसलीस!"

मला मिळाली एक चष्मेवाली पोरगी. मी तिचं नाव शंकासूर ठेवलं. टेबलाला टेकायचं नाही, नोंद शाईने करायची, चुकलं तर एकच रेघ मारायची आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे, एवढं शिकवलं. पण विद्यार्थ्याला उत्तर सांगायचं नाही हा मार्गदर्शकाचा धर्म! आठ आठवडे मी जीभ दाताखाली धरून बसलो. अजून खूण आहे, बघा.

सहाव्या आठवड्यात ती वही घेऊन आली. "सर, रविवारी पृथ्वी श्वास घेत नाही. आणि मोठे सर रजेवर गेले, की तीही रजेवर जाते."

"असं का होत असेल, बाळ?" मी म्हणालो. माझ्याइतका साळसूद माणूस तुम्ही पाहिला नसेल.

शेवटच्या दिवशी मुलांची भाषणं भोपळ्याच्याच खोलीत. पाहुण्यांनी खोली भरलेली. शंकासूरने तळघरातला काटा पडद्यावर आणला आणि हात जोडून म्हणाली, "सर, जरा उभे राहता का?" तो उठला. काटा खाली. "आता बसा." काटा वर! तीनदा उठवला, तीनदा बसवला. चौथ्या वेळी खिडकीची काच फुटेल असं हसू उसळलं.

त्या दिवसापासून तो बसला नाही. उभ्याने सह्या, उभ्याने जेवण, निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं. निबंध मागे घेतला, नवा छापला, त्यावर पहिलं नाव माझं—

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली.

"भावजी, तेवीस वर्षं तुमच्या त्या प्रयोगशाळेच्या ऑफिसात उन्हाळी प्रकल्पांचे अर्ज मीच घेत होते. तुमचा अर्ज कधी आलाच नाही. दर वर्षी हातात कागद घेऊन माझ्या टेबलापर्यंत यायचात, शेवटची तारीख विचारायचात आणि कागद खिशात घालून परत जायचात."