गवताखालचा उजेड

"उल्काताई, गवतच आहे. कापलं तर पुन्हा येईल," केंद्राचे प्रमुख भास्करराव म्हणाले.

"ते पुन्हा कसं येतं, तेच मोजतेय मी, सर."

मकरपुऱ्यापलीकडच्या त्या चारा-संशोधन केंद्रात गिनी गवत ठरलेल्या तारखेला कापायची रीत होती. उल्काचं म्हणणं वेगळं. कापणीनंतर सुरुवातीला ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. पानं दाटत जातात तसा खालचा उजेड कमी होत जातो. तो जवळपास संपला की कापायचं. त्यानंतर नुसते दांडे जाड होतात, आणि गुरं ते टाकून देतात. तारीख पानांना विचारा, असं ती म्हणे. कॅन्टीनमध्ये तिला 'सूर्योपासक बाई' म्हणत.

गेल्या वर्षी पाहुण्यांसाठी तिचा प्रयोगाचा वाफा मध्येच भुईसपाट झाला आणि सगळा हंगाम वाया गेला. यंदा बियाण्यांच्या खाजगी कंपनीचे लोक येणार होते, आणि भास्कररावांना सगळं दाढी केल्यासारखं हवं होतं.

"दिवस बदललेत. आता सरकार नाही, हेच लोक आपल्याला पोसणार. आणि तुमच्या नोकरीची मुदतवाढ माझ्याच हातात आहे."

"माहीत आहे. वाफा कापायचा नाही."

दुपारी ट्रॅक्टर आला तेव्हा उल्का वाफ्यात पालथी पडून प्रकाश मोजायची लांब दांडी बुंध्यांमधून आत सरकवत होती. ऊन डोक्यावर असतानाच हे मोजता येतं.

"बेन, खसो ने," ड्रायव्हर गुजरातीत म्हणाला.

"नाही सरकणार, भाई. साहेबांना सांगा."

त्यानं खुशाल इंजिन बंद करून बिडी पेटवली.

भास्करराव आले ते पाहुण्यांना घेऊनच. सगळे दक्षिणेच्या बांधावर दाटीनं उभे राहिले.

"उठा आता," भास्करराव दबक्या आवाजात म्हणाले. "मातीत लोळताय. लोक बघतायत."

मुदतवाढ गेली, हे तिला त्या आवाजावरूनच कळलं. अजूनही उठून, कुर्ता झटकून, हसून नमस्कार करता आला असता.

"बघू द्या," ती पडल्या पडल्याच म्हणाली. "फक्त सगळे जरा मागे सरा. तुमच्या सावल्या पडतायत गवतावर."

कोणी हललं नाही. तीही हलली नाही. मग एक टायवाला मागे सरकला, त्याच्यामागोमाग दुसरा. सगळ्यात शेवटी भास्करराव.

तिनं आकडा वाचला. मातीवर अजून उजेड होता.

"आज नाही," ती ड्रायव्हरकडे वळून म्हणाली. "मी सांगेन तेव्हा."