बाईसाहेबांची भूक

बायको गेल्यावर चष्मेवाल्याच्या घरात दोनच जीव उरले. एक तो आणि एक तिची मांजर. मांजरीचं नाव बाईसाहेब, आणि थाटही तसाच. ती एकटी पडेल म्हणून त्याने पंधरवड्याच्या आत कुत्र्याचं पिल्लू आणलं. एकटं कोण पडलं होतं ते सगळ्या गल्लीला कळत होतं, पण बोललं कोणी नाही.

पिल्लाचं नाव बंड्या, आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. तो बाईसाहेबांना खोलीभर पळवायचा, त्या पलंगाखाली शिरायच्या, तो पाय धरून बाहेर ओढायचा. खाली दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून आलेला चष्मेवाला हे बघून पोट धरून हसायचा. बाईसाहेबांची मात्र अन्नावरची वासना उडाली होती. "बायकोला विसरत नाही हो ती," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि सांगताना त्याला जरा बरं वाटायचं.

लेक भेटायला आली. तिने हा तमाशा पाहिला.

"बाबा, हा खेळ नाहीये."

"अगं, शेपटी हलवतोय तो!"

"तो हलवतोय. तिचं काय?"

चष्मेवाल्याने बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या उताण्या पडल्या होत्या, कान मागे चिकटलेले, नखं बाहेर. त्याच्या लेखी ही लाडीगोडी होती.

"मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो म्हणतात," लेक म्हणाली. "इथे मांजरच उंदराच्या जागी आहे. बंड्याला धरा. खेळ असेल तर ती आपणहून परत येईल त्याला डिवचायला. नाही आली तर बंड्या माझ्याकडे."

"चालेल!" चष्मेवाला छातीठोकपणे म्हणाला. बंड्याशिवाय संध्याकाळ कशी काढायची हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही, कारण हरण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याने बंड्याला मांडीत घट्ट धरलं. बाईसाहेब उठल्या. अंग झटकलं, लंगडत दोन पावलं गेल्या आणि वळून पाहिलं.

"बघ! येतेय!"

त्या आल्या नाहीत. बंड्याला खरंच धरून ठेवलंय याची खात्री करून त्या कोपऱ्यातल्या वाटीकडे गेल्या. सकाळपासून पडलेलं सगळं खाल्लं, वाटी चाटूनपुसून साफ केली आणि अजून हवं म्हणून ओरडल्या.

लेकीने आणखी वाढलं. तेही संपलं.

बंड्याच्या मनात पाप नव्हतं. तो चष्मेवाल्याचा हात चाटत होता. चष्मेवाला वाटीकडे बघत राहिला. आपल्या दुःखाला घरात एक वाटेकरी आहे, या आधारावर त्याने इतके दिवस काढले होते. बाईसाहेबांना दुःख नव्हतं, भीती होती. बायकोसाठी अन्न सोडणारं या घरात कोणी नव्हतं. तो स्वतःही दोन्ही वेळ जेवत होता.

"बंड्याचा पट्टा दाराच्या खुंटीला आहे," तो लेकीला म्हणाला.