दसऱ्याआधीचं ऑइल

महारुद्र मेकॅनिकनं इंजिनावरचं ऑइलचं झाकण उघडलं, आतून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला पांढरट, सायीसारखं काहीतरी लागलं होतं.

"भाऊसाहेब, गाडी चालू करायलाय का कुनी?"

"मी करतो की. दर रविवारी, पाच मिनिटं."

"अन् चालवतंय कोन?"

शाळेत क्लार्की करण्यात माझा जन्म गेला. मला स्कूटरच्या पुढे काही येत नाही. गाडी माझ्या मुलाची, अवधूतची. हैदराबादच्या नोकरीत पैसे साठवून त्यानं ही लाल, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली गाडी सेकंडहँड घेतली आणि सोनपेठला आणली. इथला एकेक स्पीडब्रेकर तिच्या पोटाला लागतो. मी तेव्हा फार चिडवलं त्याला. "आई-बाप कुठं बसवणार? टपावर?"

त्याच वर्षी तो गच्चीवरची टाकी धुताना पडला. मान मोडली. जीव वाचला, पण मानेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. आता सगळं आम्हा नवरा-बायकोच्या हातानं.

दसऱ्याला गाडीची पूजा आणि त्याआधी नवं ऑइल, हा नेम त्यानंच घालून दिलाय. गाडी चालो न चालो, वर्षातून एकदा. "ऑइल काय दही आहे का, ठेवल्या जागी नासायला?" असं मी म्हणायचो आणि गुमान महारुद्रला बोलवायचो.

दारातल्या चाकाच्या खुर्चीतून अवधूतनं विचारलं, "पांढरं हाय ना?"

"हो, भैय्या," महारुद्र म्हणाला.

"पाच मिनिटांत इंजिन तापत न्हाई, बाबा. आत पानी धरतं, ते ऑइलमधी मिसळतं. त्यापेक्षा बंद ठेवलेली बरी."

माझं तोंड उतरलं. रविवारी मी गाडी चालू करायचो ती इंजिनासाठी नव्हेच. आवाज ऐकला की या पोराचा चेहरा उजळायचा. तेवढ्या सुखासाठी मी त्याचीच गाडी खराब करत होतो.

"मग आधी सांगायचं न्हाई का रे?"

"तुमी लय हौसेनं करायलात," तो म्हणाला. "अन् मलाबी ऐकावं वाटायचं."

त्यानं महारुद्रला सांगितलं, "आधी गंगाखेड रोडनं अर्धा तास फिरवून आणा. चांगली तापू द्या. गरम असतानाच जुनं ऑइल सोडायचं." मग जरा थांबून, "मीबी येतो."

मी आणि महारुद्रनं त्याला उचललं. सीट इतकी खाली, की मला गुडघ्यांवर बसावं लागलं. कसाबसा आत ठेवला. पट्टा लावला. पण कंबर धरेना, तो एका अंगाला कलंडला आणि डोकं दारावर आपटलं. उशा लावल्या, चादरीनं बांधून पाहिलं. पुन्हा तेच. तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता.

"काढा त्याला बाहेर," त्याची आई, प्रभावती, रडत म्हणाली. "मान बघा त्याची, मान!"

प्रभावतीवर मी उगाच खेकसलो. दुसरं काय करणार होतो?

शेवटी अवधूतला परत खुर्चीत बसवलं आणि महारुद्र एकटाच गेला. तो परतेपर्यंत आम्ही तिघं फाटकात होतो. प्रभावतीनं चहा आणला. अवधूतनं घेतला नाही.

गाडी आली. "भैय्या, काय पळतीय! बेस्ट तापलीय बघा," महारुद्र खुशीत म्हणाला.

"मला जवळ न्या," अवधूत म्हणाला.

मी खुर्ची बॉनेटला लावली. त्याला भाजू नये म्हणून आधी माझा हात ठेवून पाहिला, मग त्याचा तळवा उचलून वर टेकवला. आणि कसा कोण जाणे, विचारून बसलो, "लागतंय का गरम?"

प्रभावतीनं मान फिरवली. अवधूत आपल्याच हाताकडे बघत होता.

"तुमीच सांगा, बाबा."

"गरम आहे," मी म्हणालो. "चांगलं गरम आहे."

"मग सोडा ऑइल," तो महारुद्रला म्हणाला.