वाळवंटातली खारडी

गोदाच्या मोबाइलमध्ये फुलं ओळखणारं ॲप आलं ते श्रावणात, आणि पहिल्याच दिवशी त्याने कोथिंबिरीच्या जुडीला गाजर ठरवलं. वर नव्वद टक्के खात्री! सातवी शिकलेल्या बाईला जे नुसत्या वासाने कळतं ते या शहाण्याला कळू नये, याचं गोदाला इतकं हसू आलं की कोपरीच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ती एकटीच हसत बसली. डोंबिवलीहून रविवारी आलेली तिची मुलगी दिशा म्हणाली, "आई, मोबाइल हलवतेस तू. स्थिर धर, मग नीट सांगेल." तरीही गोदाने ॲप काढू दिलं नाही. तिने ते हौसेने मागून घेतलं नव्हतं, मुलासाठी घेतलं होतं.

मुलगा नयन जैसलमेरच्या पलीकडे, सौरऊर्जेच्या एका प्रकल्पावर इंजिनिअर. दोन वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन. फोन करायचा, पण कसा? जेवलास का, हो. बरा आहेस ना, हो. घरी कधी येतोस, बघू. तीन शब्दांत आईची बोळवण करून ठेवून द्यायचा. आणि गोदाला त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची सोय नव्हती, कारण चूक तिचीच होती.

तिचा नवरा काळुराम जन्मभर मिठागरात राबला. खाडीलगतचं आगर त्याच्या आजापासूनचं. कोंडीतल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यातल्या, पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि मीठ उद्या धरेल की परवा ते सांगायचं, असा तो माणूस. चार वर्षांपूर्वी ते आगर विकलं गेलं, भरणी पडली, आणि आज तिथे ओळीने गाड्या उभ्या असतात. काळुराम त्यानंतर गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागला तो उठलाच नाही. वर्षा-दीड वर्षात गेला. तेराव्याला, भरल्या घरात, सगळ्या भावकीसमोर गोदा नयनला म्हणाली, "तू आगर दे बोललास म्हणून दिलं त्यांनी. तूच घालवलास तुज्या बापाला."

महिन्याभरात नयनने पुण्यातली नोकरी सोडून ही लांबची धरली. शब्द एकदा तोंडातून गेला की तो परत कसा घ्यायचा, हे गोदाला कुणी शिकवलं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पण तो भांडलाच नाही, मग मिटवायचं काय?

तर श्रावणात एकदा नयनने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. नुसती वाळू, आणि तिच्यावर पसरलेला एक वेल, पिवळ्या फुलांचा. खाली एक अक्षर नाही. गोदाने तो फोटो चारदा मोठा करून पाहिला. दिशाकडून ॲप घालून घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत त्याला नाव कळवलं, कडू इंद्रावण. नयनने अंगठा पाठवला. आठ दिवसांनी दुसरं फूल आलं.

मग ते चालूच राहिलं. आई-मुलात बोलणं नाही, पण फुलं येत होती आणि नावं जात होती. एकही पान नसलेलं काटेरी झुडूप, अंगभर लाल फुलं ल्यालेलं, नेपती. रुईचं झाड आलं तेव्हा गोदाने ॲपला विचारलंसुद्धा नाही, सरळ लिहिलं, 'ही मारुतीची रुई.' त्या दिवशी दोन अंगठे आले. एकदा त्याने चक्क एक ओळ लिहिली, 'इथे सात महिने थेंब नव्हता, महिन्यापूर्वी तासभर पडला आणि हे बघ.' फोटोत नजर पोचेल तिथवर वाळूवर बारीक जांभळी फुलं होती. गोदाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. सात महिने ते बी कशाच्या भरवशावर पडून राहिलं असेल? टिटवाळ्याच्या गणपतीपलीकडे जी कधी गेली नाही, तिला वाटलं, एवढी मोठी जागा देवाने केली आणि तिथेसुद्धा कुणी बघायला नसताना फुलं घातली. पोळी तव्यावर जळाली ते तिला धुरानेच कळलं.

माघ संपता संपता एक फोटो आला आणि गोदा मोबाइल घेऊन गॅलरीच्या उजेडात गेली.

तडकलेली पांढरट जमीन होती. तिच्यावर वीतभर उंचीचं राखाडी झुडूप, बारीक पानं एकमेकांवर चढलेली, शेंड्याला तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. ॲपने तीन नावं सुचवली, तिन्ही निरनिराळी, आणि सर्वांत वरच्याचीही खात्री निम्म्याहून कमी. बिचारं गोंधळलं होतं. गोदा मात्र गोंधळली नाही. ही खारडी होती. आगराच्या बांधावरची खारडी. पहाटे काळुराम आधी तिच्याकडे बघायचा. पानांवर खारे थेंब दाटून आले असले की म्हणायचा, "आज ऊन कडक, आज मीठ धरल." पावसाशिवाय, वाफ्यावाचून, नुसत्या खारावर जगणारं झाड. आगर बुजलं तेव्हा तीही बुजली, आणि गोदाने तिला पुन्हा पाहिलं नव्हतं.

तिने दिशाला फोन लावला. दिशा म्हणाली, "अगं आई, ते वाळवंट आहे. तिथे खाडी कुठून येणार? दुसरं काहीतरी असेल."

तेही खरंच. गोदाचा विश्वास डळमळला. दिवसभर ती फोटो उघडत होती, मिटत होती. खारडी आहे म्हणून कळवावं आणि नसली तर? एवढ्या महिन्यांत जमलेला हा एक धागा, त्यात खोटं नाव घालायला तिला धीर होईना. आणि ओळखायची खूण तर फोटोत येणारी नव्हती, ती होती जिभेवर. म्हणजे नयनला ती सांगायला हवी, तोंडाने. दोन वर्षांत तिने त्याला काही सांगितलं नव्हतं, विचारलंच होतं.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला आणि तिने मोबाइल तोंडाशी धरला. "नयन, उद्या दिस उगवायच्या आधी त्या झाडाजवल जा. पानावर पानी असंल तर बोट लाव आन् जिभेला लाव. गोडा लागला तर सोडून दे. खारा लागला तर मना फोन कर."

पाठवल्यावर तिला आठवलं, ही त्याच्या बापाची रीत. निरोप पुसून टाकायला तिने बोट नेलं. पण दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या, त्याने ऐकलं होतं. अंगठा आला नाही.

सकाळी साडेपाचपासून ती गॅलरीत बसून होती. सहा वाजले, सात वाजून गेले. कोपरीत लख्ख उजाडलं, खाली दूधवाला येऊन गेला. गोदाने मनाशी कबूल केलं, गोडच लागलं असणार, नाहीतर तो गेलाच नसणार. तेवढ्यात मोबाइल वाजला. साधा फोन नव्हता, चेहरा दिसणारा होता.

तिकडे सूर्य अजून वर यायचा होता, उजेड अंधूकच. नयनचा चेहरा नीट दिसेना, दाढी वाढलेली एवढंच कळलं. तो म्हणाला, "आई, थांब, काही बोलू नकोस. बघ." आणि त्याने मोबाइल फिरवला.

सूर्याची कोर नुकती वर येत होती. त्या पांढऱ्या जमिनीवर एक झुडूप नव्हतं, हजारो होती, पार क्षितिजापर्यंत. आणि प्रत्येकाच्या पानापानावर थेंब. उजेड सरकत आला तशी ती सगळी जमीन लकाकायला लागली. नदी नाही, खाडी नाही, समुद्र कुठल्या कुठे राहिला, आणि कोपरीच्या बांधावरचं गवत म्हणून जे ती पायाखाली तुडवत आली ते इथे कुणी न सांगता, कुणी न लावता मैलोगणती उभं होतं. गोदाचे हात आपोआप जोडले गेले. मोबाइल मांडीवर पडला, तो तिने घाईने उचलला.

"खारं आहे, आई," नयन म्हणत होता. "मी तीन-तीन झाडांचं चाटून बघितलं. खारंच आहे. इथे जमिनीखाली मीठ आहे म्हणतात, फार जुन्या काळचं." त्याचा आवाज फुटला. "बाबांच्या बोटाला अशीच चव असायची. लहानपणी चाटवायचे मला."

तो रडतोय हे तिला आवाजावरून कळलं. आता नाही तर कधीच नाही, हेही कळलं.

"नयन, तेराव्याला मी बोलले ते खोटा व्हता."

ती थांबली नाही.

"तुज्या दे बोलण्याने काय झाला नाय. तू पुण्याहून यायच्या चार दिस आधीच सही झालेली. तुना इचारला तो तुजा मान ठेवायला. मना ठावं व्हता, नयन. सही करताना पेन मीच दिलेला त्यांच्या हातात. तरी मी तुना बोलले, सगल्यांसमोर."

नयनने मोबाइल स्वतःकडे वळवला. ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं.

"कागदावर तारीख आहे, आई," तो म्हणाला. "मी तेव्हाच वाचलेली."

गोदाला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं, आणि तिने गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

"मग गप का राहिलास? दोन वर्षं?"

"तुला कुणावर तरी रागवायचं होतं ना. बाबांवर कशी रागावणार होतीस? ते तर गेलेले." तो बाहीने नाक पुसत म्हणाला. "आणि स्वतःवर रागावलेली तू मला चालली नसतीस."

त्याच्या मागे पानांवरचे थेंब उन्हाने आटत चालले होते. गोदा ते बघत होती आणि त्याला बघत होती. ज्याला आपण दूर लोटलं असं समजून ती दोन वर्षं झुरली, तो तिचा राग सोबत घेऊन एवढ्या लांब जाऊन राहिला होता, तिला तो स्वतःवर ओढून घ्यावा लागू नये म्हणून.

"रजा कधी भेटंल तुना?" तिने शेवटी विचारलं.

"आजच टाकतो," नयन म्हणाला.