शिट्टीनंतरचं पाऊल

शिट्टी वाजली आणि मनस्वी थांबली.

चेंडू तिच्या बुटापासून सुटून एकटाच पुढे गेला आणि त्याच्या धक्क्याने प्लॅस्टिकचा पिवळा कोन कलंडला. तोंडातला आकडा अर्धाच राहिला. तिचे हात अंगाशी घट्ट होते, तळवे मागे वळलेले, पाठीशी काहीतरी चाचपडत असल्यासारखे.

“मॅडम, हिचा पॉज दाबला गेलाय,” हृतिक ओरडला. “रिमोट कुणाकडे आहे?”

“तू गप रे. तुझी गाडी शहाऐंशीच्या पुढे सरकत नाही,” हेतल म्हणाली.

मुलं हसली. मनस्वी हसली नाही. घाम आलेला असूनही तिचा चेहरा कोरडा, पांढरट दिसत होता.

रुचिरा सकाळी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि संध्याकाळी विचुंबे गावाच्या कडेला, नव्या इमारतींच्या मधे उरलेल्या या मैदानावर मुलांना फुटबॉल. पायांचा सराव आणि डोक्याचा सराव वेगळा ठेवायचा नाही, हा तिचा आग्रह होता. कोनांमधून चेंडू न्यायचा आणि त्याच वेळी शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचं. मधेच शिट्टी झाली तर थांबायचं नाही, उलट वेग वाढवायचा. तिने हात वर केला, तरच थांबायचं.

नियम मुद्दाम उलटा होता. दिवाळीआधीच्या सामन्यात शेजारच्या मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली आणि मनस्वी मोकळ्या गोलसमोर चेंडू सोडून उभी राहिली. सामना तिथेच गेला. मनस्वीइतकी चपळ मुलगी गटात दुसरी नव्हती, पण ही खोड मोडल्याशिवाय संघात घेणार नाही, असं रुचिराने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

आता ती मनस्वीला बाजूला घेऊन गेली.

“तुला शिट्टीची भीती वाटते का?”

“नाही मॅडम.”

“मग?”

“थांबलं जातं.” मनस्वीने बुटाने माती उकरली. “मी नाही थांबत. आपोआप होतं.”

“म्हणून तर आकडे म्हणायला लावते. डोकं आकड्यांत गुंतलं की पाय जे करतात, तेच खरं शिकलेलं. तुझ्या पायांना नवं शिकवायचंय.” रुचिराने पिशवीतून जादा शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली. “घरी पण कर. हेतलला वाजवायला सांग.”

मनस्वीने शिट्टी मुठीत घेतली, पण ती गरम असावी तशी.

त्यानंतर ती रोज लवकर येऊ लागली. आधी शिट्टीला दचकून मग पळायची. नंतर दचकणं कमी झालं. एकदा पळता पळता तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं रुचिराला दिसलं, पण पाय थांबले नव्हते, म्हणून तिने काही विचारलं नाही.

आणि त्या शुक्रवारी जमलं.

“बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न...” शिट्टी वाजली. मनस्वीचा खांदा खाली गेला, पाऊल लांब पडलं आणि “एक्कावन्न” म्हणता म्हणता तिने चेंडू जाळीत मारला. रुचिराने पुन्हा पाहिलं, मग पुन्हा, दरवेळी शिट्टी वेगळ्या जागी वाजवून. एकदाही चूक नाही.

“मॅडम, आता हिला ब्रेकच नाहीत,” हृतिक म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“संघात आहेस तू,” रुचिरा म्हणाली. मनस्वीने हेतलला मिठी मारली आणि दोघी दप्तरं उचलून घराकडे पळाल्या. हृतिक कोन गोळा करू लागला. थंडीचे दिवस. उजेड भराभर कमी होत होता.

मनस्वीचे आजोबा, दाजी, कधीपासून कुंपणापाशी स्कूटरला टेकून उभे होते. मुली गेल्यावर ते वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन आले.

“घ्या मॅडम. घरच्या हायेत. लय मेनत घेतली तुमी.”

“मेहनत तिनेच केली, दाजी.”

“नाय, तसा नाय. आमाला वाटला व्हता, हे काय जमाचा नाय. पोर शिट्टी वाजली का खांबासारखी व्हायची.” दाजी हसले. “तिचा पन दोष नाय. मीच शिकवलाय ना तिला.”

“काय शिकवलंय?”

“आमचे गल्लीत ते मोठे टावर चाललेत ना. डंपर सगले मागं मागं येतात, ड्रायव्हरला काय दिसत नाय. वाचमन शिट्टी मारतो. आमचा काल्या, कुत्रा हो, तिचे डोल्यासमोर गेला चाकाखाली. तवा लहान व्हती ती. तवापासून सांगितला, शिट्टी झाली का जिथं हाय तिथं भिंतीला चिकटायचा. डंपर जाईपत हलायचा नाय.”

पिशवीचा बंद रुचिराच्या बोटांत रुतला होता. अंगाशी घट्ट धरलेले ते हात तिला आठवले. मागे वळलेले तळवे.

“त्या आता कुठल्या रस्त्याने गेल्या?”

“त्याच. दुसरा हाय कुठं?”

शेंगांची पिशवी तिच्या हातून कधी खाली ठेवली गेली, ते तिला कळलं नाही. ती पळत सुटली. मागून दाजींनी काहीतरी विचारलं, मग स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. स्कूटर सुरू झाली नाही.

वर्गात ती दरवर्षी हा धडा शिकवत असे. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर दुसरी चढते. दोन्ही आत असतात. वर कुठली आली, ते ऐन वेळी कळतं. हे वाक्य ती फळ्यापाशी उभी राहून सहज म्हणायची, हातावरचा खडू झटकत.

गल्लीच्या तोंडाशी दिवे लागले नव्हते. एका बाजूला बांधकामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. मधे चिखलात चाकांच्या खोल चाकोऱ्या. वळणापलीकडून मुलींचे आवाज येत होते. हेतल सामन्याविषयी काहीतरी बडबडत होती, आणि मनस्वी खेळात म्हणायची तसे आकडे म्हणत होती, मोठ्याने, खुशीत.

“चव्वेचाळीस, सदतीस...”

“मनस्वी!” रुचिरा ओरडली. धापेत आवाज वळणापर्यंतही पोचला नाही. छातीवर आपटणारी शिट्टी तिने हातात धरली, ओठांपर्यंत नेली. आणि हात तसाच राहिला. ही वाजवली तर काय होईल, हे तिनेच शिकवलं होतं.

तेवढ्यात पलीकडून शिट्टी झाली. लांब, एकसुरी. मागोमाग डंपरचं घरघरणं.

आकडे थांबले.

रुचिरा वळणावरून पुढे आली. डंपरची मागची बाजू गेटकडे जात सगळी गल्ली भरून सरकत होती. धुरळ्यात तिला काही दिसेना. मग पत्र्याच्या भिंतीशी हेतल दिसली. दोन्ही हातांनी तिने कुणाच्या तरी दप्तराचा पट्टा धरला होता, पण तो ताणलेला नव्हता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मनस्वी होती. पाठ पत्र्याला, तळवे मागे. एक बूट स्वच्छ होता, दुसरा घोट्यापर्यंत चाकोरीतल्या चिखलाने भरलेला.

चाक त्या चाकोरीतून गेलं.

रुचिरा भिंतीला धरून त्यांच्यापर्यंत पोहोचली. तिला धाप लागली होती. मनस्वीने तिला पाहिलं, गळ्यातली शिट्टी पाहिली आणि मान खाली घातली.

“सॉरी मॅडम. परत थांबले.”

रुचिराने तिच्या चिखलाने भरलेल्या बुटाकडे पाहिलं.

“पाऊल टाकलं होतं मी,” मनस्वी घाईने म्हणाली. “खरंच टाकलं होतं. हेतलला विचारा. पण मग... उद्या नाही होणार असं. मला संघातून काढू नका.”

रुचिराने शिट्टीची दोरी मानेतून काढली, मुठीत गोळा केली आणि मनस्वीशेजारी पत्र्याला पाठ टेकून उभी राहिली. पत्रा थरथरत होता. डंपर गेटातून आत शिरला, वॉचमनने साखळी ओढली, धुरळा हळूहळू खाली बसला. गल्ली मोकळी झाली.

“चल ना,” हेतल म्हणाली आणि चालू लागली.

मनस्वी हलली नाही. ती रुचिराच्या हाताकडे, मुठीतल्या शिट्टीकडे पाहत होती.