डॉर्कसचा कागदी मुकुट

आमच्या हॅझर्ली गावच्या चर्चमध्ये माणसं देवासाठी येत नाहीत, मुकुट बघायला येतात. बसमधून उतरतात, गवताच्या छपरांचे फोटो काढतात, चहा-केक हाणतात आणि मग माझ्यापुढे येऊन विचारतात, "बाई, ते कागदी मुकुट कुठे आहेत हो?" अरे, मान वर कर की मेल्या! चांगले त्रेचाळीस लटकताहेत छताखाली.

मुकुट म्हणजे काटक्यांचा सांगाडा, त्यावर कागदी फुलं आणि खाली पाच कागदी हातमोजे. गावातली बाई बिनलग्नाची आणि निष्कलंक मेली, की तिच्या नावाने तो करायचा. तीन आठवडे चर्चच्या दाराशी टांगून ठेवायचा. तिच्याविषयी कुणाला काही म्हणायचं असेल, तर त्याने एक हातमोजा ओढून काढायचा. तिसऱ्या रविवारपर्यंत कुणी पुढे आलं नाही तर मुकुट वर चढतो, खाली नावाची पाटी लागते. आणि मुकुट टांगलाच नाही, तर गाव काय ते समजून जातं.

माझी धाकटी बहीण डॉर्कस मार्चमध्ये गेली, सदुसष्टाव्या वर्षी. आजारपणात सारखी म्हणायची, "थिरझा, मुकुटाच्या भानगडीत पडू नकोस."

"गप्प पड," मी म्हणायची. "आपल्या पेलांच्या घराची अब्रू आता या वयात घालवू?"

कारण एकोणिसाव्या वर्षी डॉर्कसला मुलगा झाला होता. वडिलांनी तिला लांबच्या एका आश्रमात नेऊन ठेवलं आणि छातीचा रोग झालाय म्हणून गावात सांगितलं. सांगितलं म्हणजे मीच सांगितलं, दारोदार जाऊन. मुलगा सहा आठवड्यांचा झाला तेव्हा दत्तक गेला. तिला परत आणायला मीच गेले होते. आगगाडीत ती एकदाच बोलली, "मी विणलेली टोपी तेवढी घेतली त्यांनी." त्यानंतर आमच्या घरात हा विषय कधी निघाला नाही.

ती गेल्यावर मी तिचा मुकुट दाराशी टांगलाच. तिसऱ्या रविवारी सकाळी मी चर्चमध्ये प्रार्थनेची पुस्तकं मांडत होते. भिजलेला रेनकोट घातलेला एक उंच, टकला माणूस आत आला. माझी नजर त्याच्या हनुवटीवर गेली. मधोमध डॉर्कसचीच खळी.

"इथे पेल नावाचं कुणी राहतं का? डॉर्कस पेल?"

"तुमचं काय काम?"

तो चाचरला. "कागदपत्रांत नाव सापडलं. तिने मला जन्म दिला. काही मागायला नाही आलो हो. नुसतं एकदा बघायचं होतं." मग त्याचं लक्ष दाराशी टांगलेल्या मुकुटाकडे गेलं. "हा नवा दिसतोय. कुणाचा?" आणि त्याने हातमोज्याला बोट लावलं.

"हात लावू नका!" मी अशी किंचाळले, की बिचारा दोन पावलं मागे सरला.

"माफ करा. फाटतो का?"

"गावातल्या एका म्हातारीचा आहे," मी म्हटलं. "आणि डॉर्कस पेल गेली इथून. झाली बरीच वर्षं. कॅनडात असते म्हणे."

"लग्न झालं तिचं?"

"झालं. मुलंबाळं आहेत."

"म्हणजे सुखात आहे." तो हसला. अगदी डॉर्कससारखा हसला हो! "बरं झालं. फार बरं वाटलं. थँक यू." आणि पावसात निघून गेला.

प्रार्थनेनंतर पाद्रीबाईंनी विचारलं, "या मुकुटाला कुणाची हरकत?" कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. लांब काठीने मुकुट वर चढवला, पाटी लागली. मला अभिमानाने रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर आमची शेजारीण विनी कॉपर्ड भेटली. पंच्याऐंशीची आहे, पण जीभ तरुण. तिने माझा दंड धरला.

"छान दिसतोय. आता तरी नीट झोप."

"म्हणजे?"

"अगं, तू छातीच्या रोगाचं सांगत फिरत होतीस, तेव्हाच माझी आई म्हणाली, बिचारीचं बाळ कुठे टाकलं असेल यांनी? साऱ्या गावाला ठाऊक होतं, थिरझा."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"कोण बोलणार? अर्ध्या गावाची पोरं शाळेत तिच्या हाताखालून गेली. तिचा हातमोजा ओढणाऱ्याचा हात मोडला असता आम्ही. तो मुलगा सापडला असता ना, तर आज पहिल्या बाकावर बसवलं असतं त्याला."

मी धावले. या गुडघ्यांनी, बाहत्तराव्या वर्षी, भर पावसात बसथांब्यापर्यंत धावले. थांबा रिकामा होता. चहाच्या दुकानाची मालकीण दारात उभी होती.

"तो उंच माणूस?" ती म्हणाली. "आत्ताच गेली की त्याची बस. काय खुशीत होता! आई कॅनडात सापडली म्हणाला. पैसे साठवून शोधायला जाणार आहे. का गं? नाव काय त्याचं? कळवता येईल काही."

नाव मी विचारलंच नव्हतं.