काच तुमची, मूठ आमची

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. माझ्या काचेवर चंदनाचा एक वाळलेला ठिपका आहे. तो कुणी पुसलेला नाही. तो लागला त्या दिवसापासूनच सांगतो, कारण त्यानंतरचा एकही दिवस पूर्वीसारखा गेला नाही.

कुंभकोणमच्या त्या घरी सरस्वतीपूजा होती. सांबमूर्ती गुरुक्कळ, म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेल्या शिवाच्या देवळाचे पिढीजात पुजारी, देवघरात पोथ्यांची चळत रचत होते. त्या दिवशी पोथ्या देव होतात. एकदा वर रेशमी वस्त्र पडले की अक्षराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या सकाळी, घरच्या कर्त्याने चळत उतरवायची आणि चार ओळी मोठ्याने वाचायच्या. सर्वांत वर बसण्याचा मान माझा असे.

उंबऱ्याबाहेर इलोना बसली होती. ती हंगेरीची. एका ताडपत्री पोथीची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम तिने आणि गुरुक्कळांनी मिळून हाती घेतले, तेव्हा तिचे केस काळे होते. आता फक्त शेवटचे प्रकरण उरले होते. ते अंत्यविधीचे होते, आणि ज्या घरात कुणी गेलेले नाही तिथे ते वाचायचे नाही, अशी घरची रीत होती.

"ऐया, देवळाच्या ओवरीत बसून वाचू या का?" तिने विचारले. "पानं फार झिजलीत हो."

"देवळात तर मुळीच नाही. ते मेल्याच्या घरीच वाचायचं," गुरुक्कळ म्हणाले. "थोडं थांब की. मी करतो काहीतरी सोय."

"अप्पा, सणासुदीला काय हे बोलणं," आतून त्यांची मुलगी अभिरामी म्हणाली. ती तिरुचीला शाळेत भूगोल शिकवत असे आणि सुटीला आली होती. तिने सुंडलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीच्या, वाट्या आणून ठेवल्या. इलोनाने नेहमीप्रमाणे मिरची बाजूला काढली आणि गुरुक्कळ नेहमीप्रमाणे हसले. मग त्यांनी बोटाने माझ्यावर चंदन टेकवले आणि वस्त्र ओढले.

मित्रांनो, मी जन्माने या गावचा नाही. माझी काच बुडापेस्टच्या एका कारागिराने घासली. इलोनाने मला जुन्या बाजारातून उचलले, कारण गुरुक्कळ एकावर एक दोन चष्मे चढवून वाचत आणि तिला ते बघवत नसे. तिने मला त्यांच्या पुढे ठेवले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"मूठ कशाची आहे ही? हाड आहे का?"

इलोना लाजेने लाल झाली. तिच्या ध्यानातही आले नव्हते. पण गुरुक्कळांनी मला परत केले नाही. त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाची मूठ घडवून घेतली, काच पाण्याने धुतली आणि तिला म्हणाले, "आता ठीक. काच तुमची, मूठ आमची." तिने जुनी हाडाची मूठ रुमालात गुंडाळून परत नेली.

त्यांचे कामही असेच होते. गुरुक्कळ पानावर गवती चहाचे तेल आणि काजळी चोळत. कोरलेली अक्षरे काळी होऊन वर येत. मग ते मला धरून वाचत, आणि डाव्या बाजूला बसून इलोना लिहून घेत असे. दुसऱ्या गावच्या प्रतीत वेगळे काही असले की ती थांबवत असे. मग वाद. कधी तो जेवणापर्यंत चाले. त्यांनी विधी हातांनी केलेला असे, तिने दहा प्रती चाळलेल्या असत. पुष्कळदा दोघेही चुकलेले असत. ते कळले की दोघांना फार आनंद होई.

आणि समोर, पानाच्या पलीकडे, लहानगी अभिरामी बसे. पंख्याच्या वाऱ्याने पान उडू नये म्हणून वरची कड बोटांनी दाबून धरायची, एवढेच तिचे काम. तिला सगळी अक्षरे उलटी दिसत. कुणी तिला शिकवले नाही. पण गुरुक्कळ एखाद्या अक्षरापाशी अडखळले की तिचे ओठ हलत आणि बरोबर तेच अक्षर पुटपुटत. ते दोघांपैकी कुणालाही दिसले नाही. दोघांचे डोळे माझ्यावर असत. मला मात्र दिसत होते.

एकदा एका पाहुण्याने विचारले, "मुलीला शिकवता की नाही?"

"हिला?" गुरुक्कळ म्हणाले. "हिचं सगळं लक्ष डोशाच्या कुरकुरीत कडेकडे."

सगळे हसले. तीही हसली. तिच्यासमोर इलोना पोथीची अक्षरे गिरवत होती, गुरुक्कळांनीच शिकवलेली. त्या दिवसानंतर अभिरामीचे ओठ कधी हलले नाहीत. पुढे ती शिकायला बाहेरगावी गेली आणि पानाच्या कडेवर तिच्या जागी एक गुळगुळीत दगड आला.

म्हातारपणी गुरुक्कळांना मीही पुरेसा होईना. एका दुपारी त्यांनी मला खाली ठेवले आणि म्हणाले, "अबि, तुला चार अक्षरं शिकवायला हवी होती गं."

"आता काय त्याचं, अप्पा," अभिरामी म्हणाली आणि दूध उतू जाते का पाहायला आत गेली. दूध अजून चुलीवर चढलेही नव्हते.

तर ती विजयादशमीची सकाळ. वस्त्राखाली मी वाट पाहत होतो. गुरुक्कळ उठलेच नाहीत. झोपेतच गेले. अंगणात माणसे जमली, पुतण्या अग्नी द्यायला आला. इलोनाने उंबऱ्याबाहेरून हळूच विचारले, आता तरी ते प्रकरण वाचता येईल का? वडीलधारी माणसे म्हणाली, पोथ्या पूजेत आहेत आणि घराला सुतक आहे, हात कसा लावणार? दोघांचेही बरोबर होते. ज्या दिवशी ती पाने वाचायला मुभा मिळाली, त्याच दिवशी ती देव होऊन बसली होती.

सुतक फिटले. इलोनाची परतायची वेळ झाली. अभिरामीने देवघराचे दार ओढून घेतले, बाहेर कुलूप लावले आणि ती तिरुचीला गेली. चळत तशीच राहिली.

मग अंधार. पावसाळ्यात भिंत ओली झाली. माझ्याखाली बारीक कुरकुर सुरू झाली. मित्रांनो, मी लहानाचे मोठे करून दाखवू शकतो, पण ओरडू शकत नाही.

वर्ष पुरे व्हायच्या आत दार उघडले. दोघी आल्या होत्या. अभिरामीने वस्त्र उचलले आणि वरून देखणी दिसणारी ती चळत आतून खचली. वाळवी होती. पुष्कळ पोथ्यांचे पीठ झाले होते.

मग इलोना म्हणाली, "मी दर फोनवर विचारत होते. दर वेळी तू म्हणालीस, उतरवते."

"अप्पांनी रचली होती," अभिरामी म्हणाली. "मी कशी उतरवणार?"

इलोनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या पोथीची मधली पाने गेली होती, पण ती लिहून झालेली होती. शेवटच्या प्रकरणाची काही पाने माझ्या खालीच होती. चाळणी झालेली, पण होती. वर्ष सरले नव्हते. रीतीप्रमाणे घर अजून शोकाचे होते. वाचायला मुभा होती.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी पोथी असेल तर तिला नुसते रेशमात बांधून नमस्कार करू नका. तिला उघडा, हवा दाखवा, चार ओळी वाचा. आणि ज्याला वाचता येते त्याच्यासमोर तो असेतोवर बसा. मी जे पाहिले ते पाहून सांगतो आहे.

इलोना गुरुक्कळांच्या रिकाम्या चटईला लागून, आपल्या नेहमीच्या डाव्या बाजूला बसली. तिने मला धरले. अभिरामी पलीकडे बसली आणि सवयीने तिने पानाची कड दाबली. इलोना अडखळत वाचू लागली आणि एका काळवंडलेल्या शब्दापाशी थांबली. मला वर-खाली करून पाहू लागली.

पलीकडून अभिरामीने तो शब्द उच्चारला.

इलोनाने मान वर केली. काही न विचारता ती पान तिच्याकडे फिरवू लागली.

"नको फिरवूस," अभिरामी म्हणाली. "मला असंच येतं."

मग ती वाचू लागली, उलट्या बाजूने, न अडखळता, अगदी वडिलांच्या चालीत. इलोना लिहून घेऊ लागली. तेल कसे लावावे, दर्भ कसा अंथरावा. शेवटच्या पानावर लिहिले होते, मागे राहिलेल्याने निघालेल्याच्या उजव्या कानाशी वाकावे आणि म्हणावे की...

त्यापुढे भोक होते. पलीकडची जमीन दिसत होती.

इलोनाचे पेन थांबले. अभिरामीने पानावरून बोट काढले नाही. ती तशीच वाकली, वडिलांच्या रिकाम्या चटईच्या बाजूला, आणि मोठ्याने म्हणाली,

"अप्पा, मला वाचता येतं. तुमच्यासमोर बसत होते ना, तेव्हापासून येतं."